हात मागे

आठ कापडी स्तन शिवून द्यायचे होते,
गंगापूर रोडच्या एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये.
मापं त्यांनीच पाठवली, फोटोसकट.
बदामी साटीन, वर काळसर चकती,
मध्ये बटण नको, गाठ मारा म्हणाल्या.
कामटवाड्यात बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी.
चौतीस, छत्तीस, अडतीस, कटोरीचा, साधा,
बाळंतिणींना पुढून हुक आणि दोन्ही बाजूंना दीड इंच माया.
आतलं मात्र पहिल्यांदाच शिवलं.

पिशवी टेबलावर ठेवून पैशासाठी दाराशी थांबले.
आत अकरा जणी.
दोन नर्सबाई, पेठ तालुक्यातली एक आशाताई,
बाकीच्या कुणाच्या कोण.
खैरनार बाई म्हणाल्या, हात मागे.
सगळ्यांनी हात पाठीशी धरले, शाळेत धरायचे तसे.
आता आईला सांगा बाळ कसं घ्यायचं,
फक्त तोंडानं.
कुणालाच जमेना.
वाक्य अर्ध्यात आलं की हात पुढे.

माझ्या वेळीही हात पुढे आले होते.
तेविसाव्या खाटेवर, पडदा न ओढता.
विचारलं नाही कुणी. चिमटीत धरलं, पिळलं,
आणि खिडकीकडे बघत म्हणाली, हिला नाहीच आहे.
चीक तर आधीच फेकला होता, पिवळा म्हणून.
सासूबाई मेडिकलवरून डबा घेऊन आल्या.
लेक वाढली. पॉलिटेक्निकला आहे, माझ्याहून उंच.
डब्यावर वाढली, चांगली वाढली, हेही सांगायला हवं.
ते वाक्य तेवढं राहिलं,
अस्तरात विसरलेली टाचणी,
वाकलं की टोचते.

पैसे मिळाले. मी गेले नाही.

चहाला बाई वाटा सांगत होत्या.
एक मोठी परीक्षा, फी डॉलरात,
त्याआधी नव्वद तासांचे वर्ग
आणि कित्येकशे तास बाळंतिणींजवळ, जाणत्या कुणाच्या नजरेखाली.
एक मधला कोर्स, मोबाइलवर, रविवारचा, इंग्रजीत.
मराठीत करतायत म्हणे. दोन वर्षं करतायत.
आणि हा आमचा, सहा शनिवारांचा.
यातून डॉक्टर होत नाही, सल्लागारही नाही,
सोबतीण होते.
औषधाचं नाव घ्यायचं नाही.
ताप, गाठ, बाळाचं वजन उतरलं, की लगेच वर कळवायचं.

फॉर्मवर पात्रतेचा रकाना होता.
शिक्षण: नववी, शिवण डिप्लोमा.
स्वतः किती काळ पाजलं, किमान सहा महिने.
मी लिहिलं, चार दिवस.
बाईंनी तो आकडा बराच वेळ बघितला.
चालेल म्हणाल्या नाहीत.
शनिवारी दहाला या, म्हणाल्या.

सातव्या शनिवारी मखमलाबादच्या मागे, पत्र्याची खोली.
जयवंती गावित, सुरगाण्याची, द्राक्षाच्या पॅकिंगला जाणारी.
बाळ नऊ दिवसांचं, दोन्हीकडे भेगा.
फळीवर डबा, उघडलेला.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
म्हणजे बघितलं, बोलले नाही.
हात मागे.
उशी कुठंय विचारलं, पंखा बारीक करायला सांगितला.
पोटाला पोट लागू दे.
आधी नाक येऊ दे समोर.
तोंड मोठं उघडेस्तोवर थांब.
थांबलो.
ते रडलं, झोपलं, परत रडलं.
माझी बोटं मागे एकमेकींना धरून घामेजली.
सव्वा तासानं एकदा खालचा ओठ बाहेर वळला,
चार-पाच घोट ऐकू आले,
आणि सुटलं.
नाहीच ना मला, जयवंती म्हणाली.
मला तोंड उघडता येईना.
मग म्हटलं, आत्ता गिळलं की त्यानं. ऐकलंस ना?
तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
उद्या याल?
येते.

उठताना नजर तिच्या ब्लाउजवर गेली.
छत्तीसचा, काखेत करकचलेला, हुक तुटायला आलेले.
हात तेव्हा पुढे आले, आले तर आले,
शिवणीची आतली बाजू चाचपली.
रात्री काढून ठेव, म्हटलं,
उसवून देते. माया आहे अजून.